पुरीचा भात आणि उर्वशीची जीभ

वडसा-कोरची गाडीवर उर्वशी गहाणे कंडक्टर असली, की लोक खिडकीची जागा धरत नाहीत, पुढची धरतात. खिडकीतून काय दिसणार, तेच सागाचं जंगल अन त्याच धानाच्या बांध्या. पुढे बसलं तर उर्वशी ऐकू येते.

ठेंगणी, गोल, खाकी ड्रेसची सगळ्यात वरची गुंडी बारा महिने उघडी, कारण ती लागतच नाही. नाक कायम सर्दीनं भरलेलं. पण जीभ अशी की विचारू नका. एखादा कॉलेजचा पोट्टा समोरच्या सीटवर पाय ठेवून बसला तर म्हणेल, "पाय खाली घे बाबू, त्याईचं तिकीट नाई काढलं तू." मोबाईलवर बोलणाऱ्या बाईला म्हणेल, "वहिनी, फोन ठेवला तरी चालन, तुमचा आवाज तसाबी पोचते कुरखेड्याले." ज्याला म्हटलं तो हसतो, बाकीची गाडी त्याहून जास्त हसते. अन एखाद्या दिवशी एखाद्या म्हाताऱ्याला नुसतंच तिकीट दिलं अन पुढे गेली, तर म्हातारा उतरेपर्यंत कासावीस होतो. शेजारच्याला विचारतो, "आज मले काईच नाई म्हणली बापा. चेहरा उतरला का माहा?"

अशी ही बाई. पण मधल्या एका थांब्यावर एक उंचच उंच नर्सबाई गाडीत चढते, आणि उर्वशी एकदम वेगळीच होते. जागेवरून उठते. सीट पुसते. हात जोडते.

"राम राम महापरसाद. या जी, बसा."

"जय भीम महापरसाद," नर्सबाई म्हणते. "बरं हाय ना तुमचं?"

"तुमच्या कृपेनं."

या गाडीवर नवा ड्रायव्हर आला तेव्हा त्याला वाटलं, कोणी मोठ्या साहेबीण दिसतात. पुढच्या वेळी त्याने शर्टाच्या बाह्या नीट केल्या अन तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा खिडकीतून फेकून दिला. कोणी सांगितलंच नाही त्याला. खर्रा वाया गेला.

त्या नर्सबाई म्हणजे नूतन रामटेके. अन या दोघी एका वर्गात शिकल्या आहेत.

नूतन त्यांच्या गावात आली सहावीत. तिचे वडील धम्मदीप रामटेके पोस्टमन, त्यांची बदली झाली. पोरगी वर्गात सगळ्यांहून हातभर उंच, अन बोलायची म्हणून नाही. दिवसच्या दिवस नाही. गुरुजी म्हणाले शांत आहे, पोरी म्हणाल्या घमंडी आहे. पोरींनी तिला चिंचा देऊन पाहिल्या, बोरं देऊन पाहिली. घ्यायची, खायची, गप्प.

उर्वशीला गप्प माणसाची भीती वाटायची. तिच्या घरात बकरीसुद्धा गप्प बसत नसे. एके दिवशी प्रार्थनेच्या रांगेत ती वळली आणि म्हणाली, "काय गे, विजेच्या खांबाले ओढणी गुंडाळून शाळेत धाडलं काऊन तुह्या बापानं?"

रांग हसली. नूतनने मान खाली घालून उर्वशीकडे पाहिलं. तिला पाहायचं तर मान खालीच घालावी लागे. मग म्हणाली, "अन तुले काय, खांब गाडाले खड्डा पाह्यजे म्हणून धाडलं?"

झालं. त्या दिवशी उर्वशी घरी उड्या मारत गेली. आईने, रुखमाबाईने, विचारलं काय झालं, तर म्हणे, "एका पोट्टीनं मले खड्डा म्हटलं." रुखमाबाईला कळेना की त्या पोट्टीच्या घरी भांडायला जावं का काय. पोरगी तर दोन भाकरी जास्त खाऊन उठली.

तेव्हापासून या दोघी एका बाकावर. सकाळी भेटल्या की पहिलं वाक्य शिवीचं. म्हणजे घाणेरडं नाही हं, तसल्या शिव्या तर पत्रूलाही येत होत्या, अन पत्रू म्हणजे वर्गातलं मागच्या बाकावरचं सामान. यांचं काम नक्षीचं. नूतन म्हणायची, "तुह्या नाकात इतका चिखल हाय, धानाचे पऱ्हे टाकले तं रोवणी होऊन जाईन." उर्वशी म्हणायची, "तू हसली का असं वाटते, कोणी कुलूप उघडलं अन घरात कोणीच नाई." घरी जाताना दोघी आठवून आठवून हसायच्या, अन कोणाची शिवी चांगली झाली ते प्रामाणिकपणे मान्य करायच्या. "आज तुही भारी होती." "हो, पण काल तुही."

सातवीत उर्वशीला माता आल्या. अंगभर फोड. बरी होऊन शाळेत आली तर तोंडावर खपल्याच खपल्या. बाई गोड बोलल्या. पोरी गोड बोलल्या. कोणी तोंडाकडे पाहीना, सगळे तिच्या खांद्याशी बोलत होते. पत्रूने तर पहिल्यांदा तिला बसायला जागा दिली, तेव्हा उर्वशीला वाटलं आपण आता मरणार. मग नूतन आली. अगदी जवळ वाकली, शेताची पाहणी केल्यासारखं तोंड पाहिलं, अन म्हणाली, "तुह्या आईनं तुह्यावर लाखोरी वाळत घातली होती ना? दाणे उचलाचे राह्यले तिचे."

उर्वशी इतकी हसली की दोन खपल्या निघाल्या. ती बरी झाली ती त्या दिवशी. औषधाने झाली असं डॉक्टर म्हणतात, म्हणू द्या.

आता हे सगळं रोज दुपारी ऐकत होती बायनाबाई.

बायनाबाई शाळेत खिचडी शिजवायची. साठीची, हाडकुळी, गुडघे गेलेले, पण चुलीवरून खिचडीचं भरलेलं मोठं गंज एकटी उतरवायची. नवरा कधीच वारला होता, लेकरू नव्हतं. शाळेतली सगळी पोट्टी तिचीच. फक्त एका गोष्टीची तिला भारी धास्ती, अन ती म्हणजे शब्द. कारण तिच्या घरात तसं झालं होतं. तिचे दोन दीर, सख्खे भाऊ, त्यांची शेताच्या धुऱ्यावरून एकदा बोलाबोली झाली. धाकटा मोठ्याला म्हणाला, "आळशी." मोठा म्हणाला, "तू आळशी, तुहा बाप आळशी." बाप एकच होता दोघांचा, आणि तो तिथेच धुऱ्यावर बसून बिडी ओढत होता. तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. गोष्ट विळ्यापर्यंत गेली. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. एका घरचं लग्न असलं की दुसरं घर मुद्दाम त्याच दिवशी सारवायला काढतं.

तर बायनाबाई उर्वशी-नूतनला ऐकायची अन देवाचं नाव घ्यायची. पहिल्यांदा वाटलं, लेकरं आहेत, मिटेल. मिटेना. आठवीत गेल्या, आणखीच वाढलं. मग एका दुपारी ताटं घेऊन रांगेत उभ्या असताना उर्वशी म्हणाली, "तू मेली तं तिरडीले बांबू नाई लागणार. तुलेच आडवं धरतीन अन तुह्यावरच तुले नेतीन."

नूतनने ताट पुढे केलं, खिचडी घेतली, अन शांतपणे म्हणाली, "अन तुले गुंडाळाले कपडा नाई पुरणार. धानाच्या गंजीवरची ताडपत्री आणा लागन."

बायनाबाईच्या हातातला डाव गंजात पडला. तिला समोर विळाच दिसला.

त्या वर्षी चुरणे-मळणी आटोपली, धान घरात आलं, अन गावातल्या बाया जगन्नाथपुरीला निघाल्या. वडशाहून गोंदिया, तिथून पुढे. बायनाबाई गुडघ्यांसाठी निघाली होती. वर्षभर म्हणत होती, देवाला गुडघे मागीन. पण देवासमोर उभी राहिली अन तिच्या डोळ्यांसमोर ताडपत्री आली. गुडघे राहिले बाजूला. त्या दोन पोरींचा सलोखा मागून ती परत आली, जाताना लंगडत होती तशीच लंगडत. येताना पदराच्या गाठीला मात्र पुरीचा वाळलेला भात होता.

तिकडे छत्तीसगडच्या बाजूला आणि आपल्याकडेही जंगलाच्या गावांत जुनी रीत आहे. दोन माणसांनी पुरीचा भात एकमेकांसोबत खाल्ला की ते एकमेकांचे महापरसाद होतात. जात वेगळी असो, धर्म वेगळा असो, सख्ख्या भावंडांपेक्षा मोठं नातं. माणसं आधी ठरवतात, घरच्यांना विचारतात, मग भात खातात. बायनाबाईने एवढंच केलं की भात आधी ठेवला अन विचारायचं नंतर.

खिचडीच्या वेळी तिने दोघींना चुलीजवळ बोलावलं. उर्वशीच्या हातात एक झेंडू दिला, नूतनच्या हातात एक. "एकमेकीले द्या." दिले. "तोंड उघडा." उर्वशीचं उघडंच होतं. बायनाबाईने दोघींच्या जिभेवर भाताची दोन-दोन शितं ठेवली.

"गिळलं?"

"गिळलं."

"दोघीनंबी?"

"हो ना. आणखी हाय?"

"नाई. झालं आता." बायनाबाई खाली बसली अन रडायलाच लागली, आनंदाने. "आता तुमी एकमेकीच्या महापरसाद. मी बांधलं, म्हणून मी तुमा दोघीची आजी. आजपासून नाव घ्याचं नाई, महापरसाद म्हणाचं. अरे-तुरे नाई, अहो-जाहो. अन वाईट शब्द तं जन्मात नाई. महापरसादले वाईट बोललं तं जीभ काळी पडते."

उर्वशीने जीभ बाहेर काढून भात परत येतो का पाहिलं.

मागे पत्रू ताट घेऊन उभा होता. त्याला कधी काही प्रश्न पडत नसत, नेमका त्या दिवशी पडला. "बायनाबाई, अन मनातल्या मनात बोललं तं?"

बायनाबाईने याचा विचार केला नव्हता. पण रीत सांगणाऱ्याने अडून कसं चालेल? "मनातलंबी देवाले ऐकू येते," ती म्हणाली.

मेल्या पत्र्या, तुला काय पडली होती?

आता तुम्ही म्हणाल, पोरींनी मानायचं नाही. पण म्हातारी लंगडत पुरीला गेली, गुडघे सोडून यांना मागून आली, ते साऱ्या गावाला कळलं. रुखमाबाईने त्याच संध्याकाळी नूतनसाठी नवा ड्रेस अन नारळ पाठवला. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुसऱ्या दिवशी वर्गात बाकावर बसल्या.

"महापरसाद," उर्वशी म्हणाली, "तुमचा पाय माह्या दप्तरावर पडला जी."

"माफ करा महापरसाद. दप्तर चांगलं हाय तुमचं."

"तुमचा पायबी चांगला हाय."

उर्वशीने खिडकीबाहेर पाहिलं. नूतनने खोडरबर पाहिलं.

असे दिवस जायला लागले. वर्गाला पहिल्यांदा मजा वाटली. खो-खोत नूतन पाठलागावर होती, उर्वशी हाताच्या अंतरावर सापडली, अन नूतन थांबली, हात जोडले अन म्हणाली, "लावू का जी हात?" उर्वशी म्हणाली, "लावा ना जी, तुमचाच हाय." सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. पण मग मजाही ओसरली. दोघी अवघडून बसायच्या, एखाद्या लग्नात नवऱ्या मुलाकडच्या दोन अनोळखी बायांना एकाच खाटेवर बसवावं तशा.

उर्वशीने दुसरीकडे जीभ चालवून पाहिली. पत्रूला म्हणाली, "तुह्या डोक्यात भुसा असता तरी बरं, बैलाच्या कामी आला असता." पत्रू "हो" म्हणाला. यात काय चव? तिने बकरीला सुनावलं. सरांच्या सायकलला सुनावलं. परत काही येईना. भिंतीवर चेंडू मारावा अन भिंतीने तो गिळून घ्यावा, तसं व्हायला लागलं.

अन नूतन, ती तर पुन्हा गप्प झाली. सहावीतल्यासारखी. चिंचा दिल्या तर घ्यायची, खायची, गप्प. एका सकाळी उर्वशी वर्गात आली तर नूतन दुसऱ्या बाकावर बसलेली. कोणी भांडलं नव्हतं. भांडायला तरी बोलावं लागतं ना. उर्वशीने तो रिकामा बाक पाहिला अन तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपली मैत्रीण जाते आहे, हात जोडून, अहो-जाहो करत जाते आहे, अन आपल्याला साधं "थांब गे खांबे" म्हणता येत नाही.

ती सरळ धम्मदीपभाऊंकडे गेली. पोस्टमन सायकलला पंप मारत होते. उर्वशीने विचार करून ठेवला होता, यांच्या घरी देव नाही, यांच्याकडून सुटेल.

"भाऊ, तुमी देव मानत नाई ना?"

"नाई."

"मंग तो पुरीचा भातबी नाई ना मानत?"

"भात भात हाय. बुरशी नव्हती ना त्याले?"

"मंग तुमी नूतनले सांगा ना. हे महापरसाद-बिहापरसाद काई नसते म्हणा."

धम्मदीपभाऊंनी पंप थांबवला. "बाई, जीभ काळी पडते हे मी नाई मानत. पण तुह्या आईनं नारळ धाडला, तो आमी घेतला, खाल्ला. पोरीचं नातं मान्य केलं. देवाची आण मले लागत नाई, पण शब्द लागते. तो कसा फिरवू?" मग पंप उचलत म्हणाले, "घरीबी बोलत नाई ती आता."

उर्वशी आली तशी गेली.

अन मग तो बेडकाचा दिवस उगवला. विज्ञानाच्या सरांनी नूतनला फळ्यावर बेडकाची आकृती काढायला लावली. नूतनने काढली. अन कोणाला काय सांगावं, बेडूक हुबेहूब सर. तीच हनुवटी, तेच डोळे, फक्त चष्मा नव्हता. उर्वशीच्या पोटातून अशी एक शिवी वर आली, अशी सुंदर, दोन वर्षांत तिला तशी सुचली नव्हती. ती घशापर्यंत आली. जिभेपर्यंत आली. उर्वशीने हातातला पेन दातांत धरला अन जोर लावून चावला. आत शिवी, मधे पेन.

कट्ट झालं. तिला तोंडात काहीतरी कडू लागलं. शेजारच्या पोरीने तिच्याकडे पाहिलं अन किंचाळली.

उर्वशीची जीभ काळी झाली होती.

"मनात दिली असन हिनं," मागून पत्रू म्हणाला. अन उर्वशीने डोळे मोठे करून हो म्हणून मान हलवली, कारण दिलीच होती.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा. सर पाणी आणायला धावले. बायनाबाई मीठ घेऊन आली, ती उर्वशीची जीभ चिमटीत धरून पुरीच्या दिशेला तोंड करून माफी मागायला लागली. पुरी कोणत्या दिशेला आहे यावर दोन पोरांचं भांडण लागलं. उर्वशी मधे उभी, जीभ बाहेर, एक मूठ आवळलेली, डोळ्यांतून पाणी, हनुवटीवरून काळी लाळ. खाली मुठीकडे पाहिलं असतं तर सगळ्यांनाच दिसलं असतं, पण सगळे वर पाहत होते.

नूतन पुढे आली. उर्वशीची मूठ उघडली. आत पेन, रिफिल चिंबलेली, शाई बोटांवर ओघळत होती.

सगळा वर्ग थांबला. अहो, काय संधी होती! समोर शाईने भरलेलं तोंड, पुरीला दाखवलेली जीभ, वर मीठ. वर्षातून एकदा नाही, जन्मातून एकदा मिळते. उर्वशीने जीभ तशीच ठेवून नूतनच्या तोंडाकडे पाहिलं. वाट पाहिली.

नूतनचे ओठ हलले. थांबले. मग ती म्हणाली, "महापरसाद, तुमचा पेन फुटला जी."

अन जाऊन आपल्या दुसऱ्या बाकावर बसली.

तेव्हा उर्वशी जी रडली, ती चुलीपाशी जाऊनच थांबली. थांबली कुठे, तिथे आणखी रडली. बायनाबाई मागून लंगडत आली. "शाई निघते गे बाई. नाई काळी पडली तुही जीभ. देवानं माफ केलं."

"मले माफी नोको," उर्वशी म्हणाली. "मले नूतन पाह्यजे. तुमी आमची दोस्ती तोडली."

"तोडली? मी तं जोडली. तुमी भांडत होत्या ना?"

"कुठी भांडत होतो?"

"तिरडी म्हणत होती तू तिले. ते काय होतं मंग?"

"मंग काय म्हणाचं दोस्तले? चांगल्या दिसता म्हणू?"

बायनाबाई लाकडाच्या ठोकळ्यावर बसली. तिला दोघी रोज एका ताटात लोणचं वाटून खायच्या ते आठवलं. घरी जाताना हसत जायच्या ते आठवलं. सगळं डोळ्यांसमोर होतं, अन आपण कानांचंच ऐकत बसलो. "बापा," ती म्हणाली. "हे तं उलटंच झालं."

"सोडा ना मंग."

"सोडता नाई येत बाई. बांधाची रीत हाय, सोडाची नाई. पोटातला भात बाहेर कसा काढाचा?"

दारातून पत्रू म्हणाला, "मिठाचं पाणी पाजा." त्याला सरपण फेकून मारलं तेव्हा गेला.

"साऱ्या पुरीत तुमाले आमीच दिसलो," उर्वशी भडकली. "गुडघे मागाले गेली होती ना ही बुढी? गुडघे तं आणले नाई, अक्कल ठेवून आली तिकडंच." बोलली अन तिने तोंडावर हात ठेवला. एवढ्या मोठ्या बाईला बुढी म्हटलं.

पण बायनाबाई हसायलाच लागली. वरचे दोन दात होते ते दोन्ही दिसले. "म्हण म्हण. आजीले म्हटलं तं चालते. नातीनं आजीची थट्टा नाई कराची तं कोणी कराची? आजीले बंदी नाई. बंदी महापरसादले हाय."

दारात कोणीतरी उभं होतं. उन्हात लांबच लांब सावली पडली होती, म्हणजे नूतनच. रिकामं ताट हातात घेऊन ती आत आली अन बायनाबाईच्या दुसऱ्या अंगाला बसली. उर्वशीकडे पाहिलंच नाही. बायनाबाईकडे पाहिलं, अन कित्येक दिवसांनी तिचा आवाज मोकळा निघाला.

"आजी, तुही ती दुसरी नात हाय ना, तिले एक सांगजो. म्हणजो, तोंडात शाई भरून फिरू नोको. पोस्टात ठप्पे माराले माहा बाप उचलून नेईन तुले."

चुलीत लाकूड तडकलं. उर्वशी सावकाश सरळ बसली. नाक ओढलं. ती पण बायनाबाईशीच बोलली.

"आजी, तुह्या त्या लंब्या नातीले म्हणजो, ठप्पे तं मी मारीन, पण पत्र कुठी टाकू? तिच्या तोंडाएवढी मोठी लाल पेटी दुसरी कुठी हाय?"

"आजी, तिले म्हणजो, तू पत्र नाई, पार्सल हाय. अन वजन पाहून घेत नाई कोणी."

दोघी बायनाबाईच्या दोन बाजूंना, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. एकमेकींना सगळं ऐकू येत होतं. पण बायनाबाई कामाची माणूस. सांगायला सांगितलं आहे तर सांगितलं पाहिजे. तिने डावीकडे मान वळवली अन उर्वशीला म्हणाली, "ती म्हणते, तू पार्सल हाय." मग उजवीकडे. "अन ही म्हणते, तुहं तोंड पेटीसारखं... म्हणजे, बरं हाय."

"असं नाई म्हणलं मी," उर्वशी म्हणाली. "बरोबर सांग ना, बुढे."

त्या दुपारी खिचडी करपली. पोट्ट्यांनी करपलेली खाल्ली, कारण सगळे चुलीभोवती जमून ऐकत होते.

मग ती रीतच पडून गेली. सकाळी शाळेत आल्या की बाकावर अहो-जाहो, राम राम, जय भीम. मधल्या सुट्टीत चुलीपाशी, बायनाबाई मधे. ती आधी जसंच्या तसं सांगायची. मग हळूहळू सांगता सांगता थोडं आपल्या पदरचं घालायला लागली. अन तिच्या पदरात काय होतं, बाप्पा. रोवणीत वाकून वाकून चाळीस वर्षं बायांमधे काढलेली ती. एकदा तिने नूतनचा निरोप असा काही सजवून दिला की दोन्ही पोरींचे कान लाल झाले अन उर्वशी म्हणाली, "आजी, हे तिनं नाई म्हणलं." बायनाबाई म्हणाली, "नाई म्हणलं. पण म्हणाले पाह्यजे होतं."

नूतन पुन्हा आपल्या बाकावर आली. दहावी-बारावी झाली, ती नर्सिंगला चंद्रपूरला गेली, तेव्हा फोन बायनाबाईकडेच करायची. उर्वशीला शेजारी बसवूनच म्हातारी तो उचलायची.

म्हणून आजही दर बाजाराच्या दिवशी बायनाबाई कोरचीच्या गाडीत चढते. थकली आहे, दात आता एकही नाही, बाजारात तिला घ्यायचं काहीच नसतं. उर्वशी तिला पुढच्या तीन जणांच्या सीटवर मधे बसवते, खिडकीशी नूतनसाठी जागा ठेवते, तिकिटं आटोपली की बाहेरच्या कोपऱ्यावर स्वतः टेकते. नवा ड्रायव्हरही आता समजून गेला आहे. तेवढं अंतर तो गाडी हळू चालवतो अन आरसा रस्त्याकडे कमी, सीटकडे जास्त वळवून ठेवतो. तिथे बसलेल्या बाया, म्हातारे, पोट्टे सगळे पुढे सरकून कान देतात.

परवा मात्र गंमत झाली. बायनाबाईला गाडीत झोप लागली. नूतन चढली, राम राम झालं, जय भीम झालं. मधे म्हातारी, मान छातीवर, घोरते आहे. उठवावं तर जीवावर येतं. मग दोघी दोन बाजूंना सभ्यपणे बसून राहिल्या. "पाऊस बरा झाला जी." "झाला जी." सगळी गाडी नाराज.

नूतनच्या दवाखान्याचं गाव आलं. ती उठली, पिशवी घेतली. उतरायच्या आधी थांबली, वाकली, बायनाबाईच्या कानाशी तोंड नेलं अन काहीतरी म्हणाली. बराच वेळ म्हणाली. मग उर्वशीला हात जोडले, गोड हसली अन उतरून गेली.

गाडी निघाली. उर्वशीने बेल दिली, दोन-तीन तिकिटं फाडली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. परत आली. खाली वाकली.

"आजी. ओ आजी. काय म्हणली ती?"

"मले काय मालूम," बायनाबाई डोळे न उघडता म्हणाली. "मी झोपली होती."

"आजी, सांग ना वो."

"झोपेत हाय म्हटलं ना मी."

अन पदराखाली तिचं पोट हलत होतं, हलत होतं, ते पार कोरची येईपर्यंत हलत राहिलं.